झोपेत न येणारा खोकला

मेसमध्ये सगळ्या पोरी जेवत होत्या. रेक्टर मॅडम नाकाला पदर लावून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताट उचल. बाहेर नळापाशी बसून जेव. तुम्हा डोंगरातल्या लोकांत टीबी असतोच."

मी उचललं. तेव्हा उचललं.

मी घाटघरची. अकरावीला जुन्नरच्या हॉस्टेलवर आले होते. खोकला कोरडा, तुटका, एकामागून एक यायचा. दाबला की घशात काहीतरी चढत जायचं, मग दुप्पट जोरानं बाहेर पडायचा. कुणी टक लावून बघितलं की जास्तच. बेडका तपासला, काही नाही. छातीचा फोटो स्वच्छ. तरी दम्याचा पंप दिला. तो ओढून हात थरथरायचे, खोकला तसाच. माझं अंथरूण जिन्याखाली गेलं. आई भेटायला आली की तिलाही फाटकाबाहेर उभं करायचे.

शेवटी आईनंच मला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरणीनं आईला विचारलं, "झोपेत खोकते का?"

"न्हाई बाई. झोपली की एकदम गप. डोळं मातर लहानपणापासनं मिचकावती."

डॉक्टर म्हणाल्या, झोपेत थांबणारा हा खोकला आणि ते डोळे मिचकावणं, याला टिक म्हणतात. मेंदूकडून येते. फुफ्फुसं ठणठणीत आहेत. हे कुणाला लागत नाही, आणि ही मुद्दामही करत नाही.

एवढा साधा प्रश्न. इतक्या जणांनी नाकाला फडकं लावलं, पण आईला विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

वाटलं, आता सुटले. मॅडमना जाऊन सांगितलं. त्या हसल्या. रोग नाही म्हणजे नाटक, हे त्यांनी तिथंच ठरवलं. संध्याकाळी प्रार्थनेला मला सगळ्यांपुढं उभं केलं. "माफी माग. म्हण, मी ढोंग करत होते."

खोकला आला. येऊ दिला. पहिल्यांदाच तोंडावर हात नेला नाही. मग म्हणाले, "मला टीबी न्हाई, मॅडम. ढोंग बी न्हाई. माफी तुमी मागा. माझी अन् माझ्या आईची."

कुणी टाळी वाजवली नाही. आठवडा सरायच्या आत मला हॉस्टेलवरून काढलं.

आता घाटघरहून एसटीनं कॉलेजला जाते. खोकला आहेच. लोक माना वळवतात, एखादी बाई लेकराला जवळ ओढते. कुणी विचारलं तर सांगते. न विचारता कुणी ऊठ म्हणालं, तर उठत नाही. ज्याला सोसवत नाही त्यानं उठावं.