पारोळ्याला उतरलेले आबा

धुळे-जळगाव बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांची नावं मला कळली नाहीत, म्हणून आबा आणि अक्काच म्हणतो; भांडण मात्र सगळं कळलं. दोघं लग्नाहून परतत होते आणि तिथे अक्कांच्या भावाने आबांना साधं ‘बसा’ही म्हटलं नव्हतं. आबा तेच तेच उगाळत होते. पारोळ्याला बस थांबली तशा अक्का उठल्या. “मी उतरी जास!” म्हणाल्या आणि खरंच उतरल्या.

आबा घाईघाईने पिशव्या गोळा करू लागले.

मी म्हणालो, “आबा, तिकीट जळगावचं आहे ना?”

“हां. आनि खरा बी मीच शे,” ते हसले. “पन खरा व्हईसन एकलाच घर जाऊ का?”

ते उतरले, पण त्यांची टोपी बाकावरच राहिली. मी खिडकीतून हाक मारली. टोपी घ्यायला अक्का आल्या. त्यांनी ती झटकली, आबांच्या डोक्यावर नीट बसवली आणि पुन्हा तोंड फिरवलं.

हल्ली घरात एखादा वाद जिंकत आलो की मला आबा आठवतात, आणि मी दोघांसाठी चहा ठेवायला उठतो.