सासूबाईंचं आप्पेपात्र आणि साधल्याचं शिसं

आधी चहा ओता. हा किस्सा कोरड्या घशाने सांगण्यातला नाही. शिवाय यात मी इतका मूर्ख दिसतो की निदान तोंड लपवायला हातात कप तरी असू दे.

मी दमलेला माणूस आहे, हे तर तुम्हाला दिसतंच आहे. इथे सिंगापुरात वन-नॉर्थला ऑफिस, तोआ पायोहला भाड्याचा फ्लॅट, आणि दिवसभर मीटिंगा. संध्याकाळी घरी आलो की मला बोलवत नाही, वाचवत नाही, मालिका तर अजिबात बघवत नाही. बघवतो फक्त एक अमेरिकन म्हातारा! हा गृहस्थ आपल्या शेडमध्ये बसून शिसं वितळवतो आणि काळी दारू ठासून उडवायच्या जुन्या बंदुकांसाठी गोळ्या ओततो. तोंडातून शब्द नाही. पळीने शिसं घेतो, साच्यात ओततो, साचा उघडतो, चकचकीत गोळी खाली. परत पळी. असा चाळीस-चाळीस मिनिटांचा व्हिडिओ! माझं ब्लडप्रेशर त्या म्हाताऱ्यावर चाललंय म्हणा ना.

आता सिंगापुरात बंदुकीचं नावसुद्धा काढायची सोय नाही. पण नुसतं ओतायला काय हरकत आहे, असा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला. त्याला खतपाणी घातलं साधल्याने.

साधले माझा कॉलेजपासूनचा मित्र. मरीन इंजिनियर, इथल्या बंदरात नोकरी, एकटा राहतो आणि सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर मासे पकडत बसतो. गळाच्या दोरीला बांधायला त्याला शिशाची वजनं लागतात.

"मी देतो ओतून!" मी म्हणालो.

"साचा आहे तुझ्याकडे?"

"त्याचं मी बघतो रे."

इथेच माती खाल्ली!

पुढच्या शनिवारी मेधा, म्हणजे माझी बायको, मुलीला घेऊन पोहायच्या क्लासला गेली. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, साधल्याने दिलेलं शिसं त्याच्याच लोखंडी पळीत गॅसवर धरलं आणि साचा शोधायला कपाट उघडलं. समोर काय? बिडाचं आप्पेपात्र! काळंभोर, तुळतुळीत, सात खळग्यांचं. मागच्या खेपेला सासूबाईंनी पुण्याहून खास मेधासाठी आणलेलं.

मला सांगा, यापेक्षा चांगला साचा कोणाला मिळाला असता?

सातही गोळे असे अलगद सुटून आले की आप्पेसुद्धा लाजले असते. मी पात्र तीन वेळा साबणाने घासलं, तेलाचा हात फिरवला, जागच्या जागी ठेवलं. कित्येक महिन्यांनी मला एवढं बरं वाटत होतं.

संध्याकाळी साधले वजनं न्यायला आला. आम्ही बिल्डिंगखालच्या बाकावर बसलो.

"झकास रे! कशात ओतलीस?"

मी अभिमानाने सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"अरे गाढवा! शिसं म्हणजे विष! त्या भांड्यात आता खायचं काही करायचं नाही. कध्धीच नाही!"

"तीनदा घासलंय."

"तीनशेदा घास! पोरीला शिसं खायला घालणार आहेस?"

मी ताडकन उठलो. कारण वर घरात रविवारच्या आप्प्यांचं पीठ भिजत होतं! तसाच धावत वर गेलो, पात्र पिशवीत कोंबलं आणि मेधाला म्हणालो, "साधल्याला हवंय. त्याला आप्पे करायचेत."

"साधल्यांना?" मेधा म्हणाली. तिने फक्त भुवया उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी लिटल इंडियात जाऊन हुबेहूब तसंच पात्र शोधलं. आकार तोच, खळगे सात. पण रंग राखाडी आणि अंग खरबरीत! बिडाचं भांडं कसं, तेल पाजून, तापवून, कांदा परतून तयार करावं लागतं. मग काय, रोज ऑफिस सुटलं की साधल्याच्या स्वयंपाकघरात. दिवसभर मीटिंगा आणि संध्याकाळी आप्पेपात्राची सेवा! तीन आठवडे! उभ्या उभ्या झोप यायची हो. एकदा बोट भाजलं, तर फुंकर मारायचंही त्राण नव्हतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, यू स्मेल लाइक हॉकर सेंटर, लाह!"

हॉकर सेंटर म्हणजे इथली तळणीच्या वासाची खाऊगल्ली. मेधाने माझा शर्ट हुंगून पाहिला. दोनदा तिने विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना?" आता आमच्या ओळखीतल्या एकाची नोकरी गेली, तेव्हा तो महिनाभर रोज बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि लायब्ररीत बसायचा. इथे नोकरी गेली की राहण्याचा पास गेला, आणि पास गेला की गाशा गुंडाळायचा. हे मला तेव्हा का आठवलं नाही? दमलो होतो, दुसरं काय!

मग एका रविवारी सकाळी मेधाने फोन माझ्यासमोर धरला. तिचे डोळे लाल. स्क्रीनवर सासूबाई.

"श्रीधरराव, मेधाने सगळं सांगितलंय मला."

मेलो! मी मान खाली घातली. "आई, कुठल्या तोंडाने सांगायचं, तेच कळेना."

"अहो, होतं असं माणसाच्या आयुष्यात. लपवायचं कशाला?"

"तुमच्या जिवाला लागेल म्हणून."

"गेलं ते गेलं. दुसरं काहीतरी मिळेलच की!"

काय हे मन! मला अगदी भरून आलं. "मिळालंय, आई! तीन आठवडे साधल्याकडे रोज त्याच्यावरच राबतोय."

मेधाला हुंदका फुटला. "म्हणजे खरंच? तू लोकांना तळून घालतोस?"

"तळून कुठे? नुसतं तेल पाजतोय."

"कोणाला?"

"आप्पेपात्राला!"

मग सगळंच ओकलो. म्हातारा, पळी, शिसं, लिटल इंडिया, सगळं.

"म्हणजे तुझी नोकरी आहे?" मेधा किंचाळली.

"आहे की! तिला काय झालंय?"

मेधा मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. मलाही हायसं वाटलं. स्क्रीनवर मात्र सासूबाई हलत नव्हत्या. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"आई, ऐकू येतंय ना? नोकरी शाबूत आहे माझी!"

"नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतात, श्रीधरराव," सासूबाई थंडपणे म्हणाल्या. "ते आप्पेपात्र माझ्या सासूबाईंचं होतं."