उघाडीवरचे साहेब

खाडीच्या कडेला उकिडवं बसायचं, पाण्यात बोट बुडवायचं, ते जिभेला लावायचं आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "खारट आहे." आमचे साहेब रोज सकाळी हे करत. मिठागरावरचे कामकरी एकमेकांकडे बघत आणि त्यातला एखादा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणे, "व्हय सायबानू, समुद्रच आसा तो."

स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. शिरोड्याच्या बाजूला मिठागरं होती आणि त्यांच्यावर देखरेख करणारं एक लहानसं सरकारी ऑफिस होतं. त्यात मी कारकून. साहेब घाटावरचे. भाकरी आणि ठेच्यावर वाढलेला माणूस. मासळीचा वास आला की त्यांचा रुमाल नाकाशी जायचा, आणि आमच्याकडे हा वास कुठे नसतो हे तुम्हीच सांगा! त्यामुळे रुमाल खिशात फारसा राहतच नसे.

असे बदलीचे साहेब तुम्हीही पाहिले असतील. ते येतात, घाम पुसतात, जातात. पण ह्यांना इथे राहायचं होतं. मुलीचं मॅट्रिक दोन वर्षांवर आलं होतं. दर बदलीला तिची शाळा बदलली होती, मैत्रिणी तुटल्या होत्या. "ह्या वेळी इथूनच मॅट्रिक करशील," असा शब्द त्यांनी तिला दिला होता, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. आम्हाला ते पाठ झालं होतं.

स्वभाव एकूण थंड. कोणी घाई केली की म्हणायचे, "समुद्र कुठे पळून जातोय?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, दिवसातून दोनदा पळून जातो." ते मनापासून हसले, पण सवय काही सुटली नाही.

एके दिवशी गोदाकाकी ऑफिसात आली. खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून विकणारी ही बाई. नवरा नव्हता, शेत नव्हतं, जे काही होतं ते त्या चिखलात. तिने टोपली थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. आत मेलेल्या, तोंडं उघडलेल्या तिसऱ्या. असा वास सुटला की मीसुद्धा खिडकीकडे सरकलो.

"हे बघा, सायबानू. तुमच्या मिठान काय केला ता!"

साहेबांनी रुमाल काढला.

"नाक कित्या धरतास? हयसर मी पोट धरून बसलंय!"

रुमाल खाली आला. त्यानंतर त्या टोपलीपुढे बसून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

गोष्ट साधी होती. मीठ धरलं की ते वर ओढून घेतात. कुंडीच्या, म्हणजे मिठाच्या वाफ्याच्या, तळाशी तेलकट, जहरासारखं कडू पाणी उरतं. उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, उघडून ते खाडीत सोडतात. ओहोटीला सोडलं तर समुद्र ते घेऊन जातो. भरतीला सोडलं तर तेच पाणी मागे रेटलं जातं आणि तिसऱ्यांच्या चिखलात मुरत बसतं. मिठागराचे मालक शेट फुरसत मिळेल तेव्हा सोडत. फुरसत काही भरती-ओहोटी बघून येत नाही.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. मिठाबद्दल पानंच्या पानं होती, मीठ काढल्यावर जे उरतं त्याबद्दल एक ओळ नाही. वर विचारलं तर उत्तर आलं, खात्याचा संबंध मिठाशी आहे, पाण्याशी नाही. मग ते स्वतः शेटना सांगू लागले. शेट हात जोडून "व्हय, व्हय" म्हणत आणि चार दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शिमग्याला मी साहेबांना देवळात नेलं. आमच्याकडे गावाच्या वतीने मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्यावर सगळा गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" त्यात शेटचा आवाज नेहमी सगळ्यांत वर. साहेब आदल्या दिवशी नारळ घेऊन मानकऱ्याच्या घरी जाऊन आले होते, हे मला माहीत नव्हतं.

"मुंबयक गेलेल्या लेकरांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण मिठागराचा कडू पाणी भरतेर खाडयेत सोडीत, त्याच्या मिठाचा पाणी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत आधी शेट ओरडले. सवय हो! मग त्यांचं तोंड जे उघडं राहिलं ते नारळ फुटेपर्यंत मिटलं नाही. माझ्या शेजारून आणखी एक आवाज आला होता, घाटावरचा. मी वळून पाहिलं तर साहेब ओशाळले. "निघून गेलं तोंडातून," म्हणाले.

त्या दिवसापासून उघाडी ओहोटीलाच उघडू लागली. गोदाकाकीची टोपली भरू लागली.

पुढच्या हिवाळ्यात मोठे साहेब तपासणीला आले, नेमके ऐन भरतीला. कुंड्यांत कडू पाणी साचलेलं. "उघडा दार, बघू दे कसं चालतं," असा हुकूम झाला. शेट आमच्या साहेबांकडे बघू लागले.

"ओहोटी लागू द्या, साहेब," आमचे साहेब दारापुढे उभं राहून म्हणाले.

"कोणत्या नियमाने?"

"नियम नाही. मी हो म्हणून बसलोय."

"कोणाला?"

"गावच्या देवाला."

मोठे साहेब हसले, मग हसायचे थांबले. "तुमची मुलगी इथल्या शाळेत आहे ना?" इतकंच विचारलं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर वाटलं, आता दार उघडणार. आणि खरं सांगतो, उघडलं असतं तरी मी त्यांना नाव ठेवलं नसतं. पण ते दारापासून हलले नाहीत. "दुपारपर्यंत थांबा, साहेब," म्हणाले, "समुद्र कुठे पळून जातोय?" मोठे साहेब जीपमध्ये बसून निघून गेले.

बदलीचा हुकूम यायला काही वेळ लागला नाही. घाटापलीकडे, दूर. मुलगी रडून रडून थकली. निघायच्या दिवशी ट्रंका अंगणात आल्या होत्या. तेवढ्यात शेट तरातरा आले आणि त्यांनी तिची ट्रंक उचलून बाजूला ठेवली.

"चेडवाक खंय नेतास? परीक्षा होयसर ता माझ्या घरात ऱ्हवात."

"अहो शेट, पण आमच्याकडे मासे..."

"नाय शिजवूचे मासे!"

साहेब एस.टी. सुटेपर्यंत शेटचा हात हातात घेऊन उभे होते. असा साहेब आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

परीक्षेच्या आधी एकदा गोदाकाकीच्या घराकडून जात होतो. पडवीत शेट पाटावर बसले होते, पुढ्यात तिसऱ्यांच्या सुक्याचं ताट. मला बघून जरा दचकले.

"काय सांगू तुमका! ह्या सायबान आधी माझा पाणी अडवल्यान, आता माझे मासेय अडवल्यान!"

"गप खावा," गोदाकाकी म्हणाली आणि तिने आणखी एक डाव वाढला. शेटनी ताट पुसून खाल्लं, खाडीकडे नजर टाकली. पाणी उतरू लागलं होतं. तसे ते उठले, हात धुतले आणि उघाडीकडे निघाले.