कमलच्या खोलीतले दोन पट्टे

बोरीत लग्न असो की बाळंतपण, भिंती पोतारायच्या म्हटलं की दगडाबाईवाचून पान हलत नसे. निजामाचा अंमल होता, चुना लागायचा तो बड्यांच्या माड्यांना. बाकी गाव मातीवरच भागवायचं. चाळीस वर्षं या बाईनं गावाच्या भिंती उजळल्या. पण वर्षभरापासून तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. एकटा जीव, काम सुटलं तर खायचं काय?

पार्वतीबाईंची कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि तिच्या खोलीवरून मायलेकींची जुंपली. आईला गढीखालची पांढरी माती हवी, लेकीला नदीकाठची भुरकी. मग दगडाबाईनं दोघींची माती दोन गाडग्यांत कालवून रिवाजाप्रमाणे भिंतीवर दोन पट्टे ओढले आणि बजावलं, "वल्ल्या मातीवर जाऊ नका. उद्या वाळल्यावर बघा."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा भांडण रंगात आलं होतं.

"माझा पट्टा बघ, कसा लख्ख दिसायलाय!"

"डोळ्यावर येतंय ते, माय. माझाच बरा, थंड वाटायलाय."

दगडाबाईनं सवयीनं दोन्ही पट्ट्यांवरून तळवा फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवून पाहिला. गढीची माती पिठासारखी हाताला लागते, भुरकी रवाळ असते. इथं तर दोन्हीकडे पीठच! काल पोतेरं दोनदा एकाच गाडग्यात बुडवलं होतं.

गप्प बसली असती तर निभावलंही असतं. मायलेकींना फरक चांगला दिसत होता! पण कमल त्या पट्ट्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती, की तिला फसवणं दगडाबाईच्या जिवावर आलं.

"बाई, दोन्हीकडं एकच माती हाय. मला आता दिसंना गेलंय. दुसरं कुणी बघा."

कमलला आधी कळेना, मग ती पोट धरून हसायला लागली. पार्वतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दगडाबाईचा पांढरा झालेला तळवा हातात घेतला.

"आमी चार डोळ्यांनी भांडायलोत, तरी कळलं न्हाई. तुला हातानं कळलं. दुसरं कुणी कशाला? गाडगं मी देत जाते, तू पोतार."

दगडाबाईला रडूच फुटलं. पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, "मग कोणतं देता, बाई?"

पार्वतीबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं भुरक्या मातीचं गाडगं पुढं सरकवलं.