ओठांच्या कोपऱ्यातून

त्या वर्षी आमचा दोन दिवसांचा नव्याचा सण, म्हणजे आमचे नवे वर्ष, जवळ आले, तेव्हा माझ्या मनात देवाविषयी रागच होता. उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, पण तोंडाची डावी बाजू लुळी राहिली. जुन्नरच्या आम्हा मूठभर बेने इस्राएल यहुदी घरांत शोफार, म्हणजे सणाच्या प्रार्थनेतले मेंढ्याचे शिंग, फुंकणारे ते एकटेच. गावात आमची मशीद नव्हती; आम्ही यहुदी आमच्या प्रार्थनामंदिरालाही मशीदच म्हणतो. घोडेगाव-आंबेगावची माणसे बैलगाडीने आमच्याच ओसरीवर जमत. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सुटीला आले होते. ज्याने हे तोंड वाकडे केले त्याचीच स्तुती या तोंडाने का करायची, असे मनात येई. बोलत मात्र नसे.

पहिल्या दिवशी बाबांनी शिंग ओठांना लावले. नुसती हवा निघाली. पुन्हा लावले, तर लाळ गळली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. जेवताना घोडेगावचे काका हळूच म्हणाले, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षापासून आपण सगळे पुण्याच्या मशिदीत जाऊ." आईने चिकाच्या हलव्याची बशी बाबांपुढे सरकवली, ती तशीच राहिली. आमच्या ओसरीवरचा सण संपला, हे त्यांना कळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी मी दारात उभी होते. तो घटस्थापनेचा दिवस. येडगावकडचा एक म्हातारा शिंगवाला देवीच्या देवळाकडे निघाला होता. वाटेत त्याने शिंग फुंकले आणि माझी नजर त्याच्या तोंडावर खिळली. शिंग ओठांच्या मधोमध नव्हते, उजव्या कोपऱ्यात होते. परक्यापुढे मान वर न करणारी मी थेट रस्त्यावर गेले.

"मामा, शिंग असं कोपऱ्यातून का फुंकता?"

"म्होरचं दात गेलं, पोरी. मधून फुकलं की नुसता वारा. शिंगाला काय ठावं, कुठनं फुकलंय!"

"माझ्या बाबांना दाखवाल?"

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "घटाला उशीर व्हतोय. पर चल. देवी काय पळून जाती व्हय?"

तो अंगणात येताच काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आज सणाच्या दिवशी देवीचा शिंगवाला?"

बाबा अडखळत म्हणाले, "कसं फुंकायचं ते तो सांगेल. कोणासाठी फुंकायचं ते मला ठाऊक आहे."

"वठ आवळा, राव. गाल फुगवू नका," म्हातारा म्हणाला. बाबांच्या शिंगातून बारीक केविलवाणा आवाज आला. "हां, रेडकू वरडलं! आता रेडा वरडू द्या." बाबा हसले. झटक्यानंतर प्रथमच.

आईने हलवा बांधून आणेपर्यंत तो निघूनही गेला होता.

प्रार्थनेत बाबांनी शिंग उजव्या कोपऱ्यात धरले. क्षणभर काहीच नाही. मग आवाज उठला, भरदार, न तुटणारा. ओसरीवरून, कौलांवरून थेट शिवनेरीकडे गेला. बायका रडत होत्या, हसत होत्या. काकांनी डोळे पुसले. "दादा, पुढच्या वर्षी मी पहाटेच गाडी जुंपतो. इथंच यायला."

"कोण होता गं तो?" आईने मला विचारले. आमचे प्रेषित एलियाहू हनबी कोणत्या वेशात दारी येतील सांगता येत नाही, असे ती नेहमी म्हणे. "येडगावचा शिंगवाला," मी म्हणाले. तिने डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले. मग मीही जोडले.

बाबांचे तोंड सरळ व्हावे, एवढेच मी सारा उन्हाळा मागत होते. ते शेवटपर्यंत वाकडेच राहिले. आणि दर नव्याच्या सणाला त्याच तोंडातून तो आवाज उठत राहिला. तेव्हापासून प्रार्थनेत मी मागते ते मागतेच, पण कसे द्यायचे ते त्याच्यावर सोडते.