कुसुनोकीच्या नावापुढची रेघ

बेसबॉलमध्ये पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, काम फलंदाजाला चुकवायचं. आमच्या कुसुनोकीने बावीस वर्षं नेमकं उलटं केलं. फलंदाजाला मनासारखं बडवता यावं असे चेंडू टाकणं, ही त्याची नोकरी. आमच्याकडे प्रत्येक व्यावसायिक संघ असे सरावाचे पिचर पगारावर ठेवतो, आणि ते बहुतेक एकेकाळचे खरे पिचर असतात. मी त्याच सरावातला कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. आम्ही दोघं एकाच वर्षी संघात आलो. त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही, आणि ज्यांना तसं वाटत नाही त्यांनी एकदा माझे गुडघे बघून जावेत.

तरुणपणी कुसुचा एक चेंडू होता. दोन बोटांच्या बेचक्यात धरून टाकायचा. फलंदाजापाशी येऊन तो चेंडू एकदम खाली बसायचा. आमच्या दुसऱ्या, म्हणजे राखीव पोरांच्या संघात त्याची दहशत होती. तेविसाव्या वर्षी पहिल्या संघातून बोलावणं आलं, तेव्हा त्याचे वडील कालवं सोलायची शेड बंद करून समुद्राच्या पलीकडून सामना बघायला आले. कुसुने पहिल्याला चार वाकडे चेंडू टाकून फुकट बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, सोडलं. दुसऱ्याने त्याला लांब टोलावलं. तिसऱ्यालाही त्याने फुकट सोडलं. मग व्यवस्थापक मैदानात चालत आले आणि त्यांनी चेंडूसाठी हात पुढे केला. संपलं. नोंदपुस्तकात त्याने बाद केलेले गडी शून्य, त्यामुळे सरासरी निघतच नाही. त्याच्या नावापुढे आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आहे.

त्या हिवाळ्यात संघाने त्याला सरावाचं काम देऊ केलं आणि तो हो म्हणाला. मला राग आला होता. आज सांगतो, माझं चुकलं होतं.

रोज शंभरावर चेंडू, सगळे सरळ, सगळे एका वेगाचे. चेंडू टाकायच्या उजव्या हाताने तो कधी पिशवी उचलायचा नाही. दुपारी उदोनचा, म्हणजे जाड शेवयांचा, एक वाडगा, वर एक खारवलेला आलुबुखार, की गडी उभा. कुणाला चेंडू कुठे आवडतो हे त्याला पाठ होतं. एखादा वाकडा गेला तर टोपी काढून वाकायचा, समोर अठरा वर्षांचं पोर असलं तरी. तातेनो हा आमचा सगळ्यात मोठा फलंदाज. एका वर्षी त्याचे फटके आटले, तेव्हा सगळे प्रशिक्षक त्याला अक्कल शिकवत होते.  तातेनोचा पाय लवकर पडतोय हे कुसुने ओळखलं आणि महिनाभर चेंडू वीतभर बाहेर टाकत राहिला, तो पाय आपोआप जागेवर येईपर्यंत. तातेनोला हे माझ्याकडून कळलं, तेही चार वर्षांनी.

गेल्या शरद ऋतूत कुसुचा खांदा गेला. हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याचा दिवस हा त्याच्या कामाचा शेवटचा दिवस ठरला. आमच्याकडे मोठा पिचर निवृत्त होतो तेव्हा शेवटी एका फलंदाजाला चेंडू टाकतो, आणि तो फलंदाज मुद्दाम हवेत बॅट फिरवून बाद होतो. सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळे रडतात. सरावाच्या पिचरसाठी असलं काही नसतं. पण त्या दुपारी, सामन्याआधीच्या सरावात, तातेनोने कुसुपुढची आडोशाची जाळी स्वतः ओढून बाजूला केली आणि त्याला मागे, सामन्यातल्या खऱ्या अंतरावर जायला सांगितलं.

कुसुचा चेहरा उतरला. "फुकटचा नकोय मला," तो म्हणाला. "खोटी बॅट फिरवलीस तर तुझ्यापुढे टोपी काढणार नाही."

"तुम्ही खरा चेंडू टाका, मी खरं खेळतो," तातेनो म्हणाला.

पहिला चेंडू सवयीने तातेनोच्या आवडत्या जागी आला. त्याने तो रेषेबाहेर भिरकावला. एक स्ट्राइक, असे तीन झाले की फलंदाज बाद. "कुसु-सान, हा कालचा झाला. आजचा टाका." दुसरा अंगाजवळून सणसणत गेला आणि तातेनो बघत राहिला. दोन. तिसरा सरळ आला, तातेनोने जीव खाऊन बॅट फिरवली, आणि चेंडू खाली बसला. बावीस वर्षांनी तोच चेंडू.

आणि मी, गाढव, तो सोडला. आम्हा दोघांत कधी खुणा नसायच्या. सरळच येणार म्हणून हातमोजा वर धरून बसलो होतो, तर चेंडू खालून मागे पळाला. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला की फलंदाज बाद नसतो, तो पहिल्या बेसकडे धावू शकतो; चेंडू त्याच्याआधी बेसवर पोचला तरच तो बाद. तातेनो धावला. मी मागच्या जाळीपर्यंत धावलो, आणि वळून बघतो तर पहिल्या बेसवर आमचा कुणीच नाही. सरावातला शेवटचा गमतीचा चेंडू म्हणून सगळे कडेला उभे. मग दिसला कुसु. पंचेचाळीस वर्षांचा, फुटक्या खांद्याचा, बेसकडे धावत निघालेला. मी डोळे मिटल्यासारखा चेंडू फेकला. त्याने धावता धावता झेलला आणि बेसवर पाय ठेवला. तातेनो अर्धं पाऊल मागे. बेसपाशी उभ्या प्रशिक्षकाने मूठ वर केली, म्हणजे बाद.

तातेनो मुद्दाम हळू धावला, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी सांगतो, त्या रात्रीच्या सामन्यात तो मांडीला बर्फ बांधून बसला होता आणि व्यवस्थापकांच्या शिव्या खात होता.

कुसुने टोपी काढली आणि वाकला. तातेनो लंगडत वाकला. नोंदपुस्तकातली रेघ काही पुसली जाणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. थोड्या वेळाने मातीवर पाणी मारायला मैदानाची माणसं नळी घेऊन आली, तरी कुसु बेसवरच.

"कुसु, पाय उचल," मी म्हणालो. "पाणी मारायचंय त्यांना."

"थांब जरा," तो म्हणाला.

त्यांनी सगळं मैदान भिजवलं आणि त्याच्या पायाखालचा तेवढा तुकडा कोरडा सोडला.