ओटीच्या गव्हातला स्क्रू

घड्याळ मी लॉकरमध्ये ठेवायला घेतलेलंच नव्हतं, हे आधी सांगून टाकते. इकडे हिंदी मुलखात, थाटीपुरात, घरी बसून चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले, त्या कमाईचं घड्याळ आहे. दिल्लीला जाऊन घेतलं. परदेशी, पोलादी पट्ट्याचं. माझं मनगट म्हणजे काडी, म्हणून दुकानदाराने पट्ट्याच्या तीन कड्या काढून दिल्या. मुलगा तिथेच म्हणाला, "आई, लग्नकार्यातच घाल हं." म्हटलं, "आता कुणाच्या लग्नाची वाट बघू?"

महिनाभरात पट्ट्याचा एक स्क्रू वर आला. पदराला अडकायचा. मी नखाने आत बसवायची, दोन दिवसांनी पुन्हा आपला वर. मुलाने दुकानात फोन लावला. तिकडचा म्हणतो, "माताजी घर का काम पहनकर करती हैं क्या?" मी मागून ओरडले, "भैया, घड़ी पहनने को ली है, पूजने को नहीं!" घड्याळ पाठवून द्या म्हणाला, दीड महिना लागेल. मुलाने मखमलीचा डबा पुढे केला. "आई, एक स्क्रू जरी हरवला ना, तर सीधे लॉकर. मंजूर?" आणि मी, शहाणी, मंजूर म्हणून बसले.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. हे गेल्यानंतरही मी ओटी भरणं सोडलेलं नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये. येतात मात्र सगळ्या. शेवटची ओटी शेजारणीच्या सुनेची. तिच्या पदरात गव्हाची ओंजळ रिती केली, ती गेली, आणि बघते तो पट्टा उघडा पडून घड्याळ लोंबतंय. स्क्रू नाही. सतरंजी झटकली, तबक पाहिलं, माझ्या सुनेने कोपरान् कोपरा झाडला. म्हणजे गेला तो ओटीतच.

आता दिलेली ओटी परत कोण मागतं? माझी सून म्हणाली, "आई, राहू दे ना, लोक काय म्हणतील!" मुलगा ऑफिसातून यायला तासभर होता. मी चपला घातल्या.

शेजारणीने दारातच कपाळाला हात लावला. "अगं बाई, ओटी परत घेतात का? अपशकुन असतो!"

"ओटी तुझ्या सुनेचीच. मी फक्त चाळून देते. गहू कुठायत?"

गहू चक्कीच्या डब्यात ओतून झाले होते. सकाळी दळायला जाणार होते. म्हणजे माझा स्क्रू पोळीतून शेजारणीच्याच दाताखाली आला असता. हे सांगितल्यावर अपशकुन मागे पडला. डबा चादरीवर पालथा केला. टाचण्या गोळा करायचं माझं चुंबक सोबत नेलं होतं, ते गव्हावरून फिरवलं, काही उठेना. महागडं पोलाद, चुंबकाला भीक घालत नाही! मग चाळणी घेतली. मी चाळतेय, तिची सून खालचा कचरा बोटाने पसरतेय, शेजारीण शेजारी बसून पुटपुटतेय. पाचव्या चाळणीला सून किंचाळली, "काकू, हे काय?" जिऱ्याएवढा माझा स्क्रू.

"तुझी ओटी लाभली गं मला," म्हटलं, आणि ओंजळभर गव्हाने तिची ओटी नव्याने भरली.

घरी येऊन चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारका पेचकस काढला. मशीनचे स्क्रू थरथरून सैल होतात तेव्हा मी काय करते? आट्यांना नेलपॉलिशचा थेंब लावून पिळते. कुणी शिकवलं नाही, मशीननेच शिकवलं. माझ्या सुनेची लाल बाटली घेतली, तो स्क्रू बसवला, मग बाकीचेही एकेक काढून, पॉलिश लावून, पुन्हा आवळले. सुनेकडून सगळं ऐकून मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"आई, वॉरंटी जाईल!"

"जाऊ दे. वॉरंटी मनगटावर घालत नाहीत."

"स्क्रू पडला होता ना पण? बात तो हुई थी."

"हरवला तर, असं ठरलं होतं. हरवला का?"

तो हसला. हसला की हरला, लहानपणापासूनचं आहे त्याचं.

दुसरी संक्रांत आली, एकही स्क्रू हललेला नाही. एकाच्या कडेला लाल ठिपका दिसतो, दिसू दे. कणीक मळताना घड्याळ वर कोपराकडे सरकवते, झालं की पुन्हा खाली. मखमली डबा मात्र वाया घालवला नाही. मशीनच्या सुया ठेवल्यात त्यात.